केस तुटतायत की गळतायत, हे आधी बघ

तू जे विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझं उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. तुझं वय २७. राहायला वाघोलीला, घरात बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी. दोन वर्षांपूर्वी स्मूदनिंग केलंस, गेल्या दिवाळीआधी सगळ्या केसांना रंग दिलास, पुढच्या बटांना हायलाइट्स. जुलैअखेर डेंग्यू झाला. आता ऑक्टोबरात मोरीच्या जाळीवर मूठभर गुंतवळ जमतं, भांग रुंद वाटतो, टोकं कोरडी आणि फाटे फुटलेली, आणि फेब्रुवारीत लग्न. पार्लरमध्ये सांगितलं केराटिन करून घ्या, आई म्हणते कांद्याचा रस लाव, मैत्रिणीने बायोटिनच्या गोळ्या दिल्यात. आणि सगळ्यात मोठी काळजी ही, की एवढ्याशा केसांचा अंबाडा उभा राहील का.

उभा राहील. त्यावर शेवटी सविस्तर येते, कारण तिथपर्यंत पोचायला चार महिने आहेत आणि त्या चार महिन्यांत काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट: तुझ्या डोक्यावर एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत आणि तू त्यांना एकच समजते आहेस. केस तुटणं वेगळं आणि केस गळणं वेगळं. तुटतो तो डोक्याबाहेर आलेला, मेलेला धागा. तो माझ्या, म्हणजे केस कापणारीच्या, कामाचा विषय आहे: पाणी, कंगवा, कात्री, उष्णता, रसायनं. गळतो तो मुळापासून सुटलेला केस, आणि त्याचं कारण शरीरात असतं. तो डॉक्टरांचा विषय आहे. पार्लरमध्ये गळतीवर उपचार विकले जातात आणि घरी तुटण्यावर गोळ्या खाल्ल्या जातात. दोन्हींत पैसे जातात आणि वेळ त्याहून जास्त जातो.

ओळखायचं कसं? पुढच्या वेळी केस धुशील तेव्हा गुंतवळ फेकू नकोस. वाळू दे आणि पांढऱ्या नाही, काळ्या कागदावर पसर. प्रत्येक केसाचं टोक उजेडात बघ. एका टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्याहून बारीक गाठ दिसली तर तो केस मुळापासून आला आहे. गाठ नसेल, तुकडा आखूड असेल आणि दोन्ही टोकं बोथट किंवा चिरलेली असतील, तर तो मधेच तुटलेला आहे. पांढरी गाठ बघून घाबरू नकोस. पुष्कळ जणींना वाटतं मूळच बाहेर आलं, आता तिथे केस येणार नाही. तसं नसतं. ती गाठ म्हणजे त्या केसाचा आयुष्यक्रम संपल्याची खूण. मूळ आत शाबूत असतं आणि तिथूनच पुढचा केस येतो.

कपाळाजवळचे उभे राहणारे छोटे केसही असेच तपास. नवा उगवलेला केस टोकाला निमुळता, मऊ असतो. तुटलेल्याचं टोक सपाट असतं, जणू कोणी कापलंय. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुली या नव्या केसांनाच तुटलेले समजून जेल लावून चापून बसवतात आणि वर घट्ट पोनी बांधतात. जे केस परत येत आहेत त्यांनाच ओढत बसायचं, याहून वाईट काय.

आता गळतीचं बघू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हे निरोगी माणसाचंही असतं. आठवड्यातून दोनदाच केस धुणारीला त्या दिवशी तीन-चार दिवसांचे साठलेले एकदम दिसतात, म्हणून जीव घाबरा होतो. पण तुझ्या बाबतीत खरीच गळती वाढलेली असणार, कारण तारखा जुळतात. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग सुमारे तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, असा धक्का बसला की वाढीत असलेल्या केसांपैकी बराच मोठा हिस्सा एकदम थांबतो. पण पडतो मात्र दोन-तीन महिन्यांनी. जुलैअखेर ताप, ऑक्टोबरात गळती. म्हणून आत्ता वापरलेल्या शाम्पूला दोष देऊन तो बदलण्यात अर्थ नाही. ही गळती बहुधा आपोआप ओसरते. तीन ते सहा महिन्यांत कमी होते, भरून यायला त्याहून जास्त वेळ लागतो. करोनानंतर हे घराघरात दिसलं होतं.

तरीही त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि याच महिन्यात जा. भांग रुंद होणं दोन कारणांनी असू शकतं. तापानंतरची गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते. पण केस मधल्या भांगापासून दोन्हीकडे विरळ होत असतील, भांग नाताळच्या झाडासारखा पुढे रुंद आणि मागे निमुळता दिसत असेल, आणि आईकडे किंवा मावशीकडेही तसंच असेल, तर ती आनुवंशिक विरळता असू शकते आणि ती आपोआप थांबत नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही डॉक्टरांना सांग, संकोच नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ब१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या ते बहुधा सांगतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. लोह कमी असलेल्या डोक्यावर बाहेरून काय लावणार?

त्या मैत्रिणीच्या बायोटिनबद्दल, म्हणजे ब गटातल्या त्या जीवनसत्त्वाबद्दल. ज्याला बायोटिनची खरी कमतरता आहे त्याला त्याचा उपयोग होतो, आणि व्यवस्थित जेवणाऱ्या माणसात ती कमतरता क्वचित असते. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करतं, थायरॉइडच्या तपासणीतही, आणि आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली यावर जाहीर इशारा दिला होता. म्हणजे कारण शोधायला जी तपासणी करायची तिचंच उत्तर बिघडणार. रक्त देण्याआधी किती दिवस गोळी बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचार.

त्यांनी मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) दिलं तर तीन गोष्टी लक्षात ठेव. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, तेव्हा घाबरून सोडू नकोस. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, म्हणजे लग्नापर्यंत फारसं काही दिसणार नाही. आणि लग्नानंतर लगेच मूल हवं असा विचार असेल तर तो आधीच बोलून घे, कारण गरोदरपणात हे औषध वापरत नाहीत. पार्लरमध्ये कोणी डोक्यात सुया टोचायची, रक्तातून काही काढून परत भरायची भाषा करत असेल, तर उठून बाहेर ये. ते दवाखान्याचं काम आहे.

कांद्याचा रस: २००२ साली बगदादच्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला होता, त्यात केस आल्याचं दिसलं, पण ते रुग्ण चाईचे होते. चाई म्हणजे गोल चकत्यांनी केस जातात ती. तुझं ते नाही. शिवाय रंग दिलेल्या केसांना तो वास आठवडाभर सोडत नाही आणि नाजूक त्वचेवर आग होते. आईला सांग, त्याऐवजी डब्यात रोज एक वाटी उसळ, अंडं खात असशील तर अंडं, आणि जेवणावर लिंबू. लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. जेवणाबरोबरचा चहा तेवढा टाळ. डोक्यावर अंडं फोडण्याची मात्र गरज नाही. त्यातल्या प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात. ती वर बसतात, वाळतात, आणि गरम पाणी लागलं तर शिजून चिकटतात. ती काढताना आणखी चार केस तुटतात.

आता माझा प्रांत. तुझ्या तुटणाऱ्या केसांचा नकाशा काढू या.

केस महिन्याला सरासरी एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. तुझे पाठीच्या मध्यापर्यंत, म्हणजे अंदाजे ५० सेंटीमीटर आहेत असं धरू. रंग देऊन एक वर्ष झालं, म्हणून मुळापासूनचे पहिले १४-१५ सेंटीमीटर कोरे आहेत, त्यांना काहीही लागलेलं नाही. त्याखालचे १५ सेंटीमीटर फक्त रंगवलेले. साधारण ३० सेंटीमीटरच्या खाली मात्र स्मूदनिंगही झालंय आणि त्यावर रंगही. तिथले केस दोन ते चार वर्षांचे आहेत, दोनदा रसायनांतून गेलेले, शेकडो वेळा धुतलेले आणि विंचरलेले. तुझे केस तुटतायत ते बहुतेक तिथेच. हायलाइट्सच्या बटा त्याहून वाईट, कारण त्यात ब्लीच आहे.

स्मूदनिंगमध्ये नेमकं काय होतं ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. केसाच्या आत केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या असतात आणि त्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. स्मूदनिंग आणि रिबॉन्डिंगच्या क्रीममध्ये बहुधा थायोग्लायकोलेट असतं, ते हे बंध तोडतं. मग प्रेसने केस सरळ करून न्यूट्रलायझरने बंध नव्या जागी जोडले जातात. सगळे जोडले जात नाहीत. वरून प्रत्येक केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. रंगातला अमोनिया ते उघडतो, पेरॉक्साइड आत शिरून मूळचा रंग काढतं. खवले झिजले की पाणी सहज आत-बाहेर होतं, केस भिजल्यावर फुगतो आणि वाळल्यावर कडक होतो. तुझे केस दोन दिवसांत कोरडे वाटतात त्याचं हे कारण.

घरी एक चाचणी कर. टोकाकडचा एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताण. चांगला केस थोडा लांबतो आणि परत येतो. तुझा रबरासारखा लांबत जाऊन परत न येता तुटला, तर आतले बंध गेलेले आहेत. मग त्या भागावर कोणतीही रासायनिक प्रक्रिया म्हणजे केस हातात येणं.

म्हणून केराटिन ट्रीटमेंटला माझं स्पष्ट नाही आहे. नाव काहीही असो, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतं. यातल्या बऱ्याच प्रकारांत फॉर्माल्डिहाइड तरी असतं किंवा तापवल्यावर ते सोडणारं रसायन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. प्रेस फिरवताना डोळे चुरचुरतात, घसा धरतो तो त्याचाच. ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ लिहिलेल्या पुष्कळ बाटल्यांत ग्लायोक्सिलिक ॲसिड असतं, आणि अशा स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. त्यातली २०२४ साली प्रसिद्ध झालेली एका तरुणीची नोंद बरीच चर्चेत होती: तिला प्रत्येक वेळी ट्रीटमेंटनंतरच त्रास झाला. हे वाचल्यावर आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने बाटलीमागची यादी वाचायला हवी असं मला कळकळीने वाटतं. आपण रोज आठ-आठ तास त्या वाफेत उभे असतो. आणि आरोग्याचं बाजूला ठेवलं तरी ही ट्रीटमेंट २००-२३० अंशांच्या प्रेसने अनेकदा दाबून बसवतात. तुझ्या टोकांना ते झेपणार नाही. चकाकी दोन महिने दिसेल, ऐन फेब्रुवारीत ती उतरेल आणि खाली काय उरलंय ते दिसेल.

बॉन्ड बिल्डर म्हणून जी उत्पादनं मिळतात त्यांचा काही उपयोग आहे. तुटलेले बंध काही प्रमाणात जोडायचं काम ती करतात, पण फाटलेलं टोक कोणतीही बाटली शिवून देत नाही. केस मेलेला असतो, त्याला जखम भरून येणं नसतं. तो नीट राखायचा, आणि नवा येईपर्यंत हळूहळू जुना कापत जायचा, एवढाच मार्ग आहे.

तर कात्री. मी तुझ्या जागी आत्ता, ऑक्टोबरातच, खांद्याच्या जरा खालपर्यंत कापीन. नकाशा परत बघ: तिथे कापलं की दोनदा भाजलेला बहुतेक भाग गेला. लग्नाआधी केस कापायचे म्हटल्यावर घरी आरडाओरडा होईल, मला माहीत आहे. पण विरळ, फाटके ५० सेंटीमीटर आणि भरीव ३०-३५ सेंटीमीटर यांत अंबाडा दुसऱ्याचाच चांगला बसतो. फेब्रुवारीपर्यंत पाचेक सेंटीमीटर वाढतीलही. कापताना सांग: सरळ, एका रेषेत कापा. लेयर्स मागायचेच तर लांब आणि अगदी थोडे. वस्तरा नको आणि दात असलेली थिनिंगची कात्री तर मुळीच नको. बारीक केसांत त्या कात्रीने टोकांचा भार जातो आणि खालची कड आरपार दिसायला लागते. केस कापल्याने दाट उगवत नाहीत, कारण कात्रीचा मुळाशी संबंध नाही. पण दाट दिसतात, आणि तुला फेब्रुवारीत तेच हवंय.

धुण्याबद्दल. ‘रोज धुतले की गळतात’ म्हणून आठवडा आठवडा डोकं न धुणाऱ्या मुली मी बघते. जो केस सुटलेला आहे तो धुतला नाही तरी पडणारच. आणि पातळ केस तेलकट झाले की चिकटून अजून विरळ दिसतात. वाघोलीहून रोज गाडीवर, हेल्मेट आणि स्कार्फमध्ये घामेजतेस. एक दिवसाआड धुतलेस तरी चालेल. शाम्पू फक्त टाळूला आणि मुळांना, पाण्यात पातळ करून, बोटांच्या पेरांनी. लांबी त्याच फेसाने धुऊन निघते, ती चोळायची नाही. कंडिशनर उलट, कानाखालच्या लांबीला, आणि प्रत्येक धुण्याला. तो टाळूला लावला तर मुळं चपटी पडतात. शिकेकाई वापरत असशील तर उकळून गाळलेलं पाणी घे. भुकटी थेट डोक्यावर चोळली की कण या झिजलेल्या केसांना घासतात.

खोबरेल तेलावर माझी श्रद्धा आहे म्हण, पण तिला आधारही आहे. मुंबईतल्या संशोधकांचा २००३ चा अभ्यास आहे, ते खोबरेल बनवणाऱ्या कंपनीतलेच होते हे खरं, पण काम नीट केलेलं आहे. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांत फक्त खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं असल्याने केसात शिरतं. म्हणून तेल धुण्याआधी लावायचं, तासभर आधी किंवा रात्री, दोन छोटे चमचे पुरे, आणि मुख्यतः लांबीला. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्याची बुरशी त्यावर पोसते. दणदणीत चंपी आत्ता बंद. गळतीच्या दिवसांत ती नुसता गुंता करते आणि आधीच सैल झालेले केस ओढते. आईला चंपी करायचीच असेल तर बोटं एका जागी ठेवून त्वचा हलवायची, केस घासायचे नाहीत.

पाण्याचं: बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर बसून ते राठ करतं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ईडीटीएसारखा घटक असलेला, क्षार काढणारा शाम्पू वापर आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घे. नळाला लावायच्या छोट्या फिल्टरवर हजारो रुपये घालू नकोस, एवढ्याशा नळकांड्यात जड पाणी मऊ होत नाही. पण सगळं खापर पाण्यावरही फोडू नकोस. शेजारच्या घरी तेच पाणी येतं आणि तिथल्या मुलीने स्मूदनिंग केलेलं नसेल तर तिचे केस बरे असतात.

ओला केस सगळ्यात दुबळा असतो. टॉवेलने झटकणं बंद. जुना सुती पंचा किंवा टीशर्ट गुंडाळून पाणी टिपून घे. कंगवा रुंद दातांचा, आणि खालच्या टोकापासून सुरुवात करून वर जायचं. वरून खाली एका दमात ओढला की सगळा गुंता टोकाशी येऊन तटकन तुटतो. ओल्या केसांवर हेल्मेट नको. सकाळी वेळ नसेल तर रात्री धू. ड्रायर वापरायला हरकत नाही, हे ऐकून लोक चकित होतात. कोरियातल्या २०११ च्या एका अभ्यासात १५ सेंटीमीटर अंतरावरून, सतत हलता ठेवलेला ड्रायर केसाच्या आतल्या थरांना तासन्‌तास ओलं राहण्यापेक्षा कमी त्रासदायक ठरला होता. वेग जास्त, उष्णता मध्यम. ८० टक्के वाळल्यावर डोकं खाली वाकवून मुळांना वारा दिलास तर केस उभारी धरतात. पातळ केसांसाठी याहून चांगली फुकटची स्टाइल नाही.

प्रेस मात्र चार महिने कपाटात ठेव. अगदीच लागला तर केस पूर्ण कोरडे, उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे, १५०-१६० अंश, एका बटेवरून एकदाच. किंचितही ओला केस प्रेसमध्ये गेला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच मोडतो. ‘चर्र’ आवाज येतो ना, तोच.

गाडीवर जाताना केस मोकळे सोडून वर स्कार्फ आवळण्याऐवजी मानेशी सैल तीन पेडी वेणी घाल, मग हेल्मेट. उंच, घट्ट पोनी रोज एकाच जागी बांधली तर कपाळाची आणि कानापुढची रेषा मागे सरकते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथले केस कायमचे जातात. रबरबँड नको, कापडाचा जाड बो घे. भांग मधूनमधून बदल. नागमोडी भांग काढलास तर टाळूची पांढरी रेषा जवळजवळ दिसेनाशी होते.

रंगाचं एवढंच: ब्लीच नाही. हायलाइट्स आता नको वाटत असतील तर पेरॉक्साइड नसलेला, वरून चढणारा तात्पुरता गडद रंग दे, काही धुण्यांत तो उतरतो, आणि लावण्याआधी कानामागे थोडा लावून ४८ तास वाट बघ. ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, तो मेंदीचा गुण नाही. साधी शुद्ध मेंदीही आत्ता नको. ती केस आणखी ताठ करते आणि नंतर दुसरा रंग बसवायला अडचण होते.

आता अंबाडा. हेअरस्टाइल करणाऱ्या ताईंना आधी भेट आणि खरं सांग: केस गळतायत, बॅककोंबिंग नको. कंगवा उलटा मारून केस फुगवतात ना, त्यात खवले उलटे उचकटतात आणि सोडवताना पुंजके निघतात. त्याऐवजी आदल्या दिवशी केस धुऊन, मुळाशी थोडं मूस लावून, मोठे व्हेल्क्रो रोलर अर्धा तास ठेवले की पुढे पुरेशी उभारी येते. धुतल्या दिवशीचे केस घसरतात, म्हणून आदल्या दिवशी. अंबाडा टाळूवर उंच नको, मानेशी खाली. आत जाळीचं डोनट, त्यावर तुझे केस पसरायचे, आणि भरीसाठी गंगावन, म्हणजे वरून जोडायचा केसांचा झुपका. आपल्या आज्या हेच करत होत्या. लग्नातल्या जुन्या फोटोंतला तो भरगच्च खोपा सगळा स्वतःच्या केसांचा असायचा, असं समजू नकोस. फक्त गजऱ्यांचं आणि सोन्याच्या फुलांचं वजन गंगावनावर आणि डोनटवर पिनांनी पेलायला हवं, तुझ्या केसांवर नाही. चिकटवायची किंवा विणून बसवायची एक्स्टेन्शन्स या चार महिन्यांत अजिबात नकोत, त्यांचा सगळा भार तुझ्याच मुळांवर येतो. बसवून झाल्यावर मान हलवून बघ. कुठेही टोचत किंवा ओढत असेल तर तिथेच सांग, ‘बसेल नंतर’ म्हणून सोडू नकोस.

भांगासाठी केराटिनच्या बारीक तंतूंची भुकटी मिळते, केसांच्या रंगाची. कोरड्या केसांवर शिंपडायची, बोटांनी थोपटायची, वर हलका स्प्रे. फोटोत भांग भरलेला दिसतो आणि धुतली की निघून जाते. जानेवारीत एकदा पूर्ण तालीम कर, मुंडावळ्या बांधून. त्यांची दोरी नेमकी कानावरच्या बारीक केसांवर घासते, तिथे दोरीखाली मऊ कापडाची पट्टी घेता येते.

हळदीच्या दिवशी केसांना आधी भरपूर खोबरेल लावून घट्ट नाही पण बंद वेणी घाल. तुझ्या हायलाइट्सच्या बटा सच्छिद्र आहेत, हळद त्यांत शिरली की पिवळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या फोटोत दिसतात.

लग्नाच्या रात्री कितीही दमलीस तरी अंबाड्यासकट झोपू नकोस. आधी सगळ्या पिना काढ, एकीला हाताशी घे आणि मोजून काढा, एखादी आत राहिली तर झोपेत टोचते. मग कंगवा न लावता, स्प्रेने ताठ झालेल्या केसांवर कंडिशनर किंवा खोबरेल हातानेच पसर, दहा-पंधरा मिनिटांनी बोटांनी गुंता सैल कर, आणि मगच कोमट पाण्याने धू. अडकलेल्या अक्षता त्या पाण्याबरोबर निघून जातील, नखाने ओढून काढू नकोस.